पाय आज बंद आहे

नागभीडमध्ये माझा उजवा पाय माझ्यापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. रशीद म्हणून मला ओळखणारे लोक गावात शे-दोनशे असतील. पाय ओळखणारे आजूबाजूच्या सगळ्या खेड्यांत आहेत. बाजारात एखादी अनोळखी म्हातारी मला थांबवते, माझ्या तोंडाकडे न बघता खाली बघते आणि विचारते, "हाच का तो?" मी पाय जरासा पुढे करतो. नट टाळ्या घेतो तसा.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना डोक्याने न येता पायांनी आलो. अशा माणसाने पाय लावला की पाठीत भरलेली चमक निघते, असं आपल्याकडे मानतात. दुखणाऱ्याने पालथं पडायचं, पायाळूने दुखत्या जागी तीनदा पाय लावायचा, तिसऱ्यांदा जरा जोरात. लोक त्याला सरळ लात म्हणतात आणि मागताना फार अदबीने मागतात. "रशीदभाऊ, सवड असली तर एक लात द्या ना." आमदारालासुद्धा इतक्या नम्रपणे कोणी काही मागत नसेल.

गंमत अशी की हा पाय ज्याला मिळाला त्याने पुढे जिम काढलं. स्टेशनच्या बाजूला, एका जुन्या धानाच्या गोदामात. त्याला वीस वर्षं झाली. जिम ही पाठ दुखवून घेण्याची हक्काची जागा, आणि तिथेच पाठ बरी करणारा मालक. माझ्या अम्मीला हा व्यवहार फार सोयीचा वाटायचा. ती गोदामाच्या मागच्या दाराशी खाट टाकून बसायची आणि आलेल्या माणसाला आधी स्वतःची कहाणी ऐकवायची. "दोन दिवस अडली होती मी. दायीनं हात टेकले होते. तेव्हा हा पाय बाहेर आला." माझ्या पायाचं सगळं श्रेय ती स्वतःकडे घ्यायची, आणि तिचं ते बरोबरच होतं.

आता धंद्याबद्दल थोडं सांगतो, कारण दिवाळी अंक वाचणारे बहुतेक लोक खुर्चीवर बसून चकली खात असतात. जिमवाला लोकांना वजन उचलायला शिकवतो, असं बाहेरच्यांना वाटतं. उचलायला कोणीही शिकतं. मी शिकवतो खाली ठेवायला. माणूस उचलताना सावध असतो. त्याला लागतं ते ठेवताना, वळताना, गप्पा मारताना, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कोणीतरी बघत असताना.

एक नवरदेव यायचा माझ्याकडे. लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, पोट शेरवानीच्या पुढे. पळायच्या पट्ट्यावर, ज्याला आपण ट्रेडमिल म्हणतो, तो पळत होता आणि पळता पळता नवरीला व्हिडिओ कॉलवर आपलं पळणं दाखवत होता. मी मूर्खाने ट्रेडमिलची पाठ मागच्या दाराकडे केलेली होती, वारा लागावा म्हणून. नवरदेवाचा पाय चुकला, पट्ट्याने त्याला मागे फेकलं, तो उघड्या दारातून बाहेर गेला आणि अम्मीने वाळत घातलेल्या कुरडयांवर पालथा पडला. फोन हातात, कॉल चालूच. पलीकडून नवरी विचारत होती, "आवाज कायचा आला?" अम्मीने वाकून फोनमध्ये बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुझा नवरा आहे. साबूत आहे. माझ्या कुरडया नाई राहिल्या."

दोन्ही गुडघे सोलून निघाले होते. मी ते वाहत्या पाण्याने धुतले, पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पाठवलं. तेव्हापासून माझ्याकडे ट्रेडमिलच्या मागे एक माणूस आडवा मावेल इतकी जागा मोकळी असते, आणि ट्रेडमिलवर फोन बंद. नवरी मात्र हुशार निघाली. लग्नात भेटली तेव्हा म्हणाली, "भाऊ, त्याच दिवशी समजलं, हा मानूस माझ्यासाठी कुठीही पडू शकतो."

पण पायाची सगळी प्रकरणं अशी गोड नाहीत. पोस्टातले एक बाबू होते, कमरेत चमक म्हणून यायचे. मी लात दिली, त्यांना बरं वाटलं. पंधरा दिवसांनी परत आले, परत दिली. तिसऱ्यांदा आले तेव्हा घामाने भिजलेले, वाकडे झालेले. मी तिसरी लातही दिली. संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेलं, तर मूतखडा निघाला. बाबू सज्जन, पुढे भेटले की हसायचे. मला मात्र त्यांच्यासमोर पाय लपवावासा वाटायचा.

खरं काय ते मला तेव्हाच कळलं होतं. साधी चमक म्हणजे आखडलेला स्नायू. तो तीन-चार दिवसांत आपला आपण सुटतो. त्या चार दिवसांत जो कोणी पाय लावेल, तेल लावेल, मंत्र म्हणेल, श्रेय त्याचं. हे कळूनही मी लाता देत राहिलो. लोक खूश, अम्मी खूश. आणि खोटं कशाला बोलू, मीही खूश. मोठमोठी माणसं माझ्या पायाशी पालथी पडत होती.

त्या पायाला पहिल्यांदा जिने थांबवलं तिचं नाव सुनंदा मडावी. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका छोट्या गावची. नागभीडला मावसबहिणीकडे राहून वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होती. आमच्याकडे भरतीची पोरं-पोरी पुष्कळ. पहाटे रस्त्याने पळतात, मग माझ्याकडे येऊन पायांची ताकद वाढवतात. त्या सगळ्यांत सुनंदा वेगळी होती, कारण ती बोलायची नाही आणि दमायची नाही. लेखी परीक्षा ती पास झाली होती. राहिलं होतं मैदान, म्हणजे तीन किलोमीटर पळणं, आणि त्यातून यादीत नाव आलं तर शेवटी सोळा किलोमीटर चालणं. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची भरती होती. ही गेली की परत गावी जाऊन तेंदूपत्ता तोडायचा, हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, आणि रडगाणं म्हणून नाही, वेळापत्रक सांगावं तसं.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात काही मजा नाही.

वजनाच्या रॉडला दोन्ही टोकांना लोखंडी प्लेटा घालतात. त्या घसरू नयेत म्हणून टोकाला स्प्रिंगचा एक चाप लावतात. त्याला आम्ही लॉक म्हणतो. मुठीत मावेल एवढी वस्तू. ती नसली आणि रॉड जरा तिरपा झाला, की एका बाजूच्या प्लेटा घसरून पडतात, दुसरी बाजू एकदम जड होते आणि रॉड माणसाला घेऊन फिरतो. लॉक लावल्याशिवाय रॉडला हात लावायचा नाही, हे मी भिंतीवर लाल रंगात लिहून ठेवलं होतं. आणि त्याच मी त्या थंडीत दोन लॉक काढून बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीच्या पडद्याला लावले होते. रेल्वेकडून वारा यायचा आणि पडदा उडायचा. लॉकची पकड घट्ट. फक्त आजच्यापुरतं, असं म्हणून लावले, आणि तीन आठवडे ते तिथेच राहिले.

संक्रांतीच्या आधीची सकाळ. सुनंदा खांद्यावर रॉड घेऊन बैठका मारत होती. लॉक सापडले नाहीत म्हणून तशीच सुरू झाली. पाचव्या बैठकीला उठताना डावी बाजू किंचित खाली गेली. प्लेटा घसरल्या. त्यांचा आवाज मी ऐकला आणि वळलो तोवर रॉड उजवीकडे फिरला होता. तिने तो धरून ठेवायला अंग पिळलं, आणि रॉड कमरेवर आदळून खाली गेला. ती गुडघ्यावर आली, मग कुशीवर पडली. ओरडली नाही. नुसता श्वास आत ओढला आणि तो बाहेर सोडेना.

जिममध्ये दहा-बारा जण होते. सगळ्यांत पुढे बंडूभाऊ, रेल्वेत रूळ सांभाळणारे. आडदांड माणूस, माझ्या पायाचा सगळ्यात मोठा भक्त. त्यांची चमक मी तीनदा काढलेली.

"चला, पालथी करा पोरीले," बंडूभाऊ म्हणाले. "घरचा डॉक्टर हाय इथी. रशीदभाऊ, या. पाय लावा."

चारजण तिला पालथी करायला वाकले. मी कपाटाकडे गेलो, आतून बूट काढले, पायात घातले, आणि दोन्ही पायांच्या नाड्या दुहेरी गाठीने बांधल्या. लात अनवाणी पायानेच लागते, हे सगळ्यांना माहीत होतं. वाकलेले चौघे तसेच थांबले.

"पाय आज बंद आहे," मी म्हणालो.

"बंद म्हंजे?"

"बंद म्हणजे बंद. आणि हिला जो हात लावेल त्याला मी बुटासकट लात देईन. ती लात चमक काढायची नसेल, भरायची असेल."

हे मी हसत हसत बोललो. मी तिच्या डोक्याशी बसलो. म्हटलं, हलू नकोस. पायाची बोटं हलव. हलली, दोन्ही पायांची. मी तिच्या पायाचं एक-एक बोट चिमटीत धरून विचारलं, कोणतं धरलं? तिने प्रत्येक बोट बरोबर सांगितलं. मांड्यांच्या आत बधिर वाटतं का, पायांत मुंग्या आहेत का? नाही. हे सगळं मी एका शिबिरात शिकलो होतो आणि कधी वापरलं नव्हतं. बरं उत्तर मिळालं तरी अशा माणसाला उठवायचं नाही. मार लागलेली पाठ बाहेरून दिसत नाही. मी रुग्णवाहिकेला फोन केला, तिच्या अंगावर चादर टाकली, आणि ज्या कुशीवर ती होती त्याच कुशीवर मागेपुढे टॉवेलांच्या गुंडाळ्या लावल्या.

तेवढ्यात अम्मी आली. एका हातात गरम तेलाची वाटी, दुसऱ्या हातात चहा.

"तेल नाही, अम्मी. चहापण नाही."

"चहा काऊन नाई?"

"ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं पाहिजे."

अम्मीने माझ्या बुटांकडे बघितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अल्लानं पाय दिला, अन् यानं त्याले बूट घातला."

बंडूभाऊंनी माझ्या कानाशी येऊन शेवटचा प्रयत्न केला. "भाऊ, हळूच लावा. कोणाले नाई सांगत. पोरीचं मैदान हाय, इचार करा. दवाखान्यात गेली का दोन महिने पलंगावर टाकतीन तिले."

ते मनापासून बोलत होते. खाली सुनंदाने डोळे उघडले. तिने सगळं ऐकलं होतं. मला म्हणाली, "भाऊ, लावा पाय. मले पळाचं हाय."

आजवर कोणी पाय मागितला आणि मी नाही म्हणालो, असं एकदाही झालं नव्हतं. मी म्हणालो, "तुला पळायचं आहे म्हणूनच नाही लावत."

ती मान वळवायला गेली, मी वळवू दिली नाही. रुग्णवाहिका आली.

ब्रह्मपुरीच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले, लघवी तपासली, आणि मला आत बोलावलं. मणक्याच्या दोन्ही बाजूंना पंखासारखी बारीक हाडं असतात. त्यातलं उजव्या बाजूचं एक तडकलं होतं. मणका जागेवर, नसा शाबूत, मूत्रपिंडाला धक्का नाही. विश्रांतीने जुळेल.

"कोणी चोळलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"ओढलं? बसवलं? लात दिली?"

"नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नागभीडहून आली आहे ना?"

"हो."

"मग कमाल आहे," ते म्हणाले.

मी विचारलं, लात बसली असती तर? ते म्हणाले, तडकलेलं हाड जागचं सरकलं असतं, रक्तस्राव वाढला असता, आणि मग कोणत्या मैदानाच्या गोष्टी करायच्या. मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. लालसूभाऊ. साठीच्या घरातला वाळका, काटक माणूस, खांद्यावर पंचा. हात जोडून मला जोहार केला. दवाखान्यात मुलीला बघून आले होते. मी ठरवलं होतं, या माणसाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी सांगायचं. सांगितलं. लॉक कुठे होते, का होते, कोणी लावले, सगळं. भिंतीवरचं लाल अक्षरातलं मीच लिहिलेलं वाक्यही दाखवलं.

ते पडद्यापाशी गेले. दोन्ही लॉक काढून माझ्या हातात दिले. मग कमरेची सुतळी सोडली, पडदा खालून गोळा केला आणि खुंटीला बांधला. ओढून पाहिला. घट्ट होता.

"पडद्याले दोरी पुरते, भाऊ," ते म्हणाले.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जाताना दारात थांबून एवढंच बोलले, "पोरगी मैदानात उभी झाली पायजे. ते आता तुमच्याकडं."

आजही माझ्या जिममध्ये प्रत्येक लॉक साखळीने रॉड ठेवायच्या लोखंडी रॅकला बांधलेला आहे. हलवायचा म्हटला तर रॅक हलवावा लागेल.

पुढचे आठवडे काय करायचं ते डॉक्टरांनी आणि त्यांच्याकडच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी ठरवून दिलं होतं. माझं काम फक्त सुनंदाला त्याच्यापेक्षा जास्त करू न देणं. लोकांना वाटतं दुखापतीनंतर माणसाला जोर करायला लावणं अवघड असतं. आळशी माणसाचं तसं असेल. भरतीच्या पोरीला थांबवणं म्हणजे उतारावरची बैलगाडी हाताने धरणं. पहिले काही दिवस घरातल्या घरात चालणं, मग अंगणात, मग रेल्वेच्या पुलापर्यंत. अम्मी माझ्याशी बोलत नव्हती, पण सुनंदासाठी रोज डबा पाठवत होती. डब्यासोबत निरोप असायचा, "पाय नाई लावला, निदान अंडी तरी खा."

पाचव्या आठवड्यात मैदानाची तारीख लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मोटारसायकलवर तळोधीच्या रस्त्याने जात होतो, तर पुढे सुनंदा. पळत होती. उजवा हात कमरेला दाबून धरलेला, आणि पळत होती.

मी गाडी पुढे घातली. "थांब."

"तारीख आली, भाऊ. सहा हप्ते राह्यले."

"डॉक्टरांनी आठव्या आठवड्याशिवाय पळायचं नाही सांगितलं आहे."

"डॉक्टरले वनरक्षक नाई व्हाचं."

ती मला वळसा घालून निघाली. मी गाडी स्टँडवर लावली, तिच्या पुढे धावत गेलो आणि रस्त्यावर आडवा झालो. अगदी पालथा, डांबरावर. म्हटलं, माझ्या पाठीवर पाय देऊन जा.

ती थांबली. मीही पडून राहिलो, कारण एकदा पडल्यावर उठायचं कधी हे मी ठरवलेलं नव्हतं. तेवढ्यात मागून तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर खाली उतरला. कानाला मफलर, मला काही ओळखलं नाही, मी पालथा होतो ना. सुनंदाला म्हणाला, "काय झालं बाई? चमक भरली का बुवाले?"

ती माझ्याकडे बघत उभी होती.

"घाबरू नको," ड्रायव्हर म्हणाला. "नागभीडले रशीदभाऊ म्हणून हाय एक. त्याईचा पाय लय गुणाचा. मी आत्ता घेऊन येतो त्याईले. तू याले हलवू नको."

सुनंदा हसली. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. पण हसू मधेच तुटलं. ती दोन्ही हातांनी कंबर धरून वाकली आणि रस्त्याच्या कडेला बसली. चेहरा पांढरा पडला होता.

मी उठून कपडे झटकले. ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. "अरे, रशीदभाऊ तं तुमीच," एवढं म्हणून तो ट्रॅक्टरवर चढला आणि निघून गेला. नंतर गावात त्याने काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

सुनंदा बसल्या जागेवरून म्हणाली, "हासल्यावर दुखते."

"मग पळाल्यावर काय होईल?"

ती उठली आणि चालत घरी गेली. चालत.

त्या दिवसापासून मी एक नवी तपासणी सुरू केली. रोज सकाळी ती आली की मी एक किस्सा सांगायचा. माझ्याकडे किस्से पुष्कळ, वाचकांच्या लक्षात आलंच असेल. तिने हसायचं, आणि हसताना हात कमरेकडे जातो का ते मी बघायचं. नवरदेवाच्या गोष्टीला सहाव्या आठवड्यात हात गेला. पोस्टातल्या बाबूंच्या गोष्टीला सातव्या आठवड्यात अर्धा गेला. आठव्या आठवड्यात मी तिला तिचीच गोष्ट सांगितली, रस्त्यावर आडव्या पडलेल्या रशीदची, ट्रॅक्टरवाल्याचा आवाज काढून. ती हसून हसून रॅकला टेकली. दोन्ही हात तोंडावर होते. कंबर मोकळी.

डॉक्टरांना मी फोनवर सांगितलं की पेशंट हसते आहे. ते म्हणाले, "फोटोही बघू या." फोटोत हाड जुळलं होतं. आधी हळू पळणं, मग थोडं जास्त. बंडूभाऊ आता रोज पहाटे सायकलवर तिच्यासोबत जायचे आणि ओरडायचे, "हळू पळ बाई, हळू पळ." ज्या माणसाने तिला पालथी करायला सांगितलं होतं, तोच आता रस्त्यावरचे खड्डे आधी जाऊन बघत होता. त्यांना एकदा पुन्हा चमक भरली, तर माझ्याकडे आले आणि लात मागायच्या आधीच म्हणाले, "विचारा काय विचाराचं ते. मुंग्या नाई, बधिर नाई, लघवी साफ."

मी आता असंच करतो. आधी चार प्रश्न. उत्तर वाईट असलं तर दवाखाना. चांगलं असलं तर चार दिवस थांबा, मोकळे हिंडा. तरीही एखादा हटून बसला तर हळूच पाय लावतो. अम्मीचं मन राहतं, आणि खरं सांगायचं तर माझंही राहतं.

मैदानाच्या दिवशी सुनंदा पहिली आली नाही. मधे कुठेतरी आली. मधलं पुरलं. यादीत नाव आलं आणि राहिलं फक्त चालणं. गडचिरोलीच्या बाजूला जंगलातून जाणारा डांबरी रस्ता, सोळा किलोमीटर, चार तासांत पार करायचे. पहाटे सहाला सुरुवात. ही परीक्षा सोपी वाटते, पण मला धाकधूक होती. पळताना पाठ थोडा वेळ सोसते, चालताना सोळा किलोमीटर सोसावं लागतं.

लालसूभाऊ गावाहून आले होते. सोबत चालायला परवानगी नव्हती. मी त्यांना म्हणालो, गाडीवर बसा, आपण शेवटच्या ठिकाणी जाऊन थांबू. ते म्हणाले, "तुमी व्हा पुढं. मी बसतो इथी झाडाखाली." मी गाडी घेऊन पुढे गेलो.

तीन तास पुरे व्हायच्या आधी रस्त्याच्या वळणावर ती दिसली. एकटीच. दोन पोरी तिच्या पुढे येऊन गेल्या होत्या, बाकीच्या अजून मागे होत्या. हात मोकळे, पाठ ताठ, चाल पहिल्या किलोमीटरला असावी तशी. रेषा ओलांडली, साहेबांनी वेळ लिहिली, छातीवरचा नंबर तपासला, सही घेतली. झालं. सुनंदा मडावी वनरक्षक झाली होती. मी वीस वर्षांत इतक्या लोकांना वजन उचलायला लावलं, पण त्या वेळी माझ्या हातून पाण्याची बाटली उघडत नव्हती. तीच म्हणाली, "द्या इकडं, भाऊ." उघडली, आधी मला दिली.

"बाबा कुठी हायेत?" तिने विचारलं.

मी सांगितलं, सुरुवातीच्या जागी झाडाखाली बसले आहेत, आणि त्यांना आणायला गाडीला किक मारली. तेवढ्यात बाजूच्या सागाच्या झाडांमधून पाचोळा वाजला आणि लालसूभाऊ बाहेर आले. चपला हातात. खांद्यावरच्या पंच्याचं गाठोडं झालेलं आणि ते भरून फुगलेलं.

रस्त्याने चालायची मनाई होती, जंगलातून चालायची कोणी केली नव्हती. मुलीला रस्त्यावर डोळ्यासमोर ठेवून ते सगळे सोळा किलोमीटर झाडांतून आले होते. श्वाससुद्धा लागलेला नव्हता. साहेब घड्याळाकडे बघत होते आणि मग त्यांच्याकडे.

लेकीने विचारलं, "बाबा, तुमी चालत आले?"

"मी तुह्या पयलेच आलो असतो," लालसूभाऊ म्हणाले आणि गाठोडं खाली ठेवून सोडलं. आत ताजा मोह होता, मोहाची पिवळी, ओली फुलं. "वाटेत हा पडून होता. वेचाले टाइम लागला."